हरण्याचं पाणी

बुधवारी सकाळी राजेश्री दारात चपला घालत होती तेव्हा तिचे आबा, किशनराव, अंगणात कुत्र्याच्या भगुन्यात पाणी ओतत होते आणि हलकी शीळ घालत होते. ते गाणं नव्हतं. चढत जाणारा एकच सूर, शेवटाला थोडा लांबवलेला, आणि पुन्हा पहिल्यापासून. पुढे तिने त्या सकाळीत पुष्कळदा काहीतरी शोधून पाहिलं, एखादी खूण, बोलताना अडखळणं, छातीकडे गेलेला हात. तसं काहीच नव्हतं. ऊन कंपाउंडच्या भिंतीवरून नुकतंच खाली उतरत होतं, त्या उन्हाच्याच रंगाचा हरण्या मान खाली घालून लपलप पाणी पीत होता, आणि भिंतीपलीकडून शेजारची सुकेशनी तिचं नवंकोरं लॅब्राडॉरचं पिल्लू काखेत धरून विचारत होती, "आबा, ह्याला इंजेक्शन द्यायचंय. परभणीत कोणता डॉक्टर चांगला हो? मोबाइलवर बघितलं तर सगळ्यांनाच पाच-पाच चांदण्या." आबांनी शीळ थांबवली. "चांदण्या आभाळात राहू द्या मास्तरीणबाई. डॉक्टर आधी हात कुठं ठिवतो ते बगा. गेल्या गेल्या सुईवर ठिवला तर उठून यायचं. जनावरावर ठिवला तर बसायचं." "आणि खिशावर ठेवला तर?" "मंग तो माणसांचा डॉक्टर," आबा म्हणाले, आणि सुकेशनी इतकी हसली की पिल्लू घाबरून तिच्या ओढणीत शिरलं. राजेश्रीलाही हसू आलं, पण तिच्या डोक्यात कॉलेजच्या ग्रंथालयात येऊन पडलेले, अजून न फोडलेले पुस्तकांचे खोके होते. "येते आबा," ती म्हणाली. "ये माय. डब्बा खा. वापस आणू नको," आबा म्हणाले. हे ते रोजच म्हणत, त्यामुळे ते तिला ऐकू आलं आणि आलंही नाही.

संध्याकाळी ती आली तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे तिच्या पिशवीतला डबा काढला, उघडून पाहिला आणि मोरीत ठेवला. रात्रीचं ती जेवायला बसली. आबांचं जेवण दिवेलागणीलाच उरकलेलं असे, पण ते स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि काहीबाही सांगत राहिले. यंदा येलदरीच्या धरणाला पाणी किती आलं, कोणाच्या कापसाला किती बोंडं धरली, गावातल्या कोणत्या दोघांनी बांधावरून बोलणं सोडलं. ती एका हाताने पुस्तक उघडं धरून जेवत होती. त्यांना त्याचं कधीच काही वाटत नसे. ऐकलं पाहिजे असा त्या बोलण्याचा आग्रह नव्हता. नदीकाठच्या घरात राहणाऱ्याला पाण्याचा आवाज जसा असतो तसं ते बोलणं त्या घरात होतं. ताट रिकामं झालं तसे ते उठले, हरण्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपल्या खोलीत गेले. सकाळी शीळ ऐकू आली नाही. उजाडून गेलं तरी अंगणात हरण्याच्या नखांचा आवाज नाही, म्हणून ती त्यांच्या खोलीत गेली. हरण्या खाटेच्या पायथ्याशी पुढचे दोन्ही पाय ताठ रोवून उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग खाटेकडे. बस, इतकंच. रडण्याच्याही आधी तिच्या मनात आलं ते हे, की ह्याला कळून किती वेळ झाला असेल, आणि तितका वेळ हा एकटाच उभा होता.

दहावा, तेरावा गावी झाला, येलदरीच्या खाली पूर्णेच्या काठावर. ती सगळं जवळून आणि लांबून बघत राहिली. आलेला प्रत्येक माणूस जाताना एक वाक्य तिच्या अंगावर शालीसारखं घालून जात होता. पोरगी असून बापाला सांभाळलं. चुलतभाऊ योगीराज तर चारचौघांत म्हणाला, "आमी पोरं असून आमाला जमलं न्हाई, राजीनं सांभाळलं." ती मान खाली घालून ऐकत होती. खोटं काही नव्हतं त्यात. घर तिचं, पगार तिचा, औषधं ती आणायची. तरी प्रत्येक वेळी ते वाक्य आलं की तिला चोरून कुणाची जागा घेतल्यासारखं वाटे, आणि उठून काहीतरी म्हणावं असं जिभेच्या टोकापर्यंत येई. काय म्हणायचं ते मात्र येत नसे. तिने आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं कपाटांत नीट लावून ठेवली होती. स्वतःचं एक वाक्य तिला सापडत नव्हतं. एस.टी.तून परत येताना खिडकीबाहेर कापूस वेचणाऱ्या बायकांच्या पांढऱ्या ओट्या वाऱ्याने फुगत होत्या, आणि तिला वाटलं, घरी गेल्यावर हरण्याला हे सगळं सांगता येईल. पण घरी हरण्या उठला नाही. इतके दिवस तो सुकेशनीच्या ओसरीवर होता. तो तिथेच पडून राहिला आणि फक्त शेपटीचं टोक हलवलं. सुकेशनी कानकोंडी झाली होती. "ताई, भाकर-दूध थोडं खातोय बळंबळं. पण पाण्याला तोंड लावत नाही. भांडं बदलून बघितलं, माठातलं देऊन बघितलं, फ्रीजमधलं देऊन बघितलं. वास घेतो, वर बघतो आणि लांब जाऊन बसतो. माझ्याकडं असताना असं झालं ताई, मला लई कसंतरी होतंय." राजेश्रीने तिचा हात धरला. डोळे खोल गेलेला हरण्या त्या दोघींकडे बघत होता. आबांच्या मागे राहिलेली, श्वास घेणारी तेवढी एकच गोष्ट होती. ती जाऊ द्यायची नाही, इतकं एकच तिला त्या घटकेला स्पष्ट कळत होतं.

वसमत रोडवरचा डॉक्टर निकिताचा दवाखाना नवा होता. दोन दुकानं एक करून केलेला, काचेचं दार, गार हवा, भिंतीवर न भुंकणाऱ्या परदेशी कुत्र्यांची चित्रं. राजेश्री हरण्याला कडेवर घेऊन आत गेली तेव्हा तिला आपल्या चपलांची माती दिसली. आबांचं वाक्य मनात होतंच, म्हणून ती हात बघत राहिली. डॉक्टर निकिता दिसायला तिच्या कॉलेजातल्या मुलींएवढी. तिने टेबलाजवळ खाली वाकून आपला तळवा हरण्याच्या हनुवटीखाली ठेवला आणि तो आपणहून मान टेकवेपर्यंत तसाच ठेवला. मग मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली. ती कातडी सावकाश, अनिच्छेने खाली बसली. "पाणी फार कमी झालंय ह्याच्यात," ती हळू म्हणाली, "बाळा, असं करतात का?" सलाईन लावलं, रक्त घेतलं. त्या गार खोलीत खुर्चीवर बसून थेंब पडताना बघताना राजेश्रीला खूप दिवस न आठवलेलं ते वर्ष आठवलं. आई गेली त्याच्या पुढचं वर्ष. त्या वर्षात काही घडलं नव्हतं, हीच त्याची अडचण होती. ती कामावर जात होती, पुस्तकं देत-घेत होती, हसायच्या जागी हसत होती. घरी येऊन दिवा न लावता भिंतीशी बसत होती. डबा नेत होती आणि येताना रेल्वेच्या फाटकाजवळ गाईपुढे रिकामा करत होती. गाय तिला ओळखायला लागली होती. असं आतून विझत जाणाऱ्या माणसांबद्दल तिने इतकं वाचलं होतं, पण त्या पानांचा आणि त्या भिंतीचा काही संबंध असेल हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. गावाहून आबांचा फोन येई. जेवलीस का माय? जेवले. काय केलतं? वरण-भात. इतकंच बोलणं. आणि मग एका दुपारी आबा लोखंडी पेटी घेऊन दारात उभे. डोळ्यात मोतीबिंदू हाय म्हंतेत, परभणीला दाखवावं म्हणलं. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, अजून पिकला नाही. आबा म्हणाले, "मंग पिकूस्तोर राहतो." मोतीबिंदू पिकला, निघाला, डोळा लख्ख झाला. परत जाण्याची गोष्ट आबांनीही काढली नाही आणि तिनेही नाही. मधल्या काळात कृषी विद्यापीठाच्या भिंतीलगतच्या नालीत त्यांना हे पिल्लू सापडलं होतं, आणि त्याला त्यांनी विकून टाकलेल्या आपल्या बैलाचं नाव दिलं होतं. "बेटा परवा परत आण हां ह्याला," डॉक्टर निकिता म्हणाली आणि मग आपण कोणाला बेटा म्हणालो ते कळून ओशाळली. त्या संध्याकाळी तिचा आपणहून फोन आला, हरण्याने पाणी घेतलं का विचारायला. दुसऱ्याही दिवशी आला. घेतलं नव्हतं. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडावर ताण दिसत होता. रोज सलाईनवर ठेवणं काही खरं नाही, पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन सोनोग्राफी करून घ्या, असं तिने स्वतःच सांगितलं.

मोठ्या दवाखान्यात जायच्या आधी राजेश्री जिंतूरला गेली. ह्याला हुशारी म्हणता येणार नाही. आबा असते तर कुणाकडे गेले असते, एवढंच तिच्या मनात आलं. सूर्यभान डॉक्टर सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आबांच्या गोठ्यातली सगळी बाळंतपणं त्यांच्या हातची. लहानपणी ती त्यांच्या फटफटीचा आवाज आला की पळत बांधावर जायची. आता ते घराच्या पुढच्या पडवीत बसून येईल ते जनावर बघत. दारात दोन शेळ्या होत्या आणि एक फुगलेलं वासरू. गाडीतून हरण्याला उतरवून ती पडवीत आली, नाव सांगितलं. ते जागेवरून उठले आणि त्यांनी हात ठेवला तो हरण्यावर नाही, तिच्या डोक्यावर. "किसनराव गेल्याचं मला लय उशिरा कळालं, माय," ते म्हणाले. मग खाली बसून हरण्याचे ओठ वर करून हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं, कान हुंगले. "ताप न्हाई. जुलाब न्हाई. दुखरं काही हाताला लागत न्हाई. परभणीच्या पोरीनं केलेलं बरोबर हाय, मोठ्या दवाखान्यातबी दाखव. माझ्याकडं यंतर न्हाई." तिला बरं वाटलं. खरं बोलणाऱ्या माणसापाशी बसल्याचं ते बरं वाटणं होतं. "तू जेवलीस का?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली, आणि त्यांनी आत वळून बायकोला ताट वाढायला सांगितलं. जेवताना ते समोर बसून होते. सहज बोलावं तसं म्हणाले, "तुझ्या आबाचा मला येकदा फोन आलता. तवा मी रिटायर झालो होतो. म्हणले, डॉक्टर, जनावरानं दाणापाणी सोडलं तर काय करावं? मी म्हणलं, ताप? म्हणले, न्हाई. पोट? न्हाई. कामाला चालतंय? म्हणले, कामाला चालतंय, पर डोळ्यात जीव न्हाई. म्हणलं, मंग औषदाचं काम न्हाई किसनराव. त्याला येकलं ठिवू नका. समोर जाऊन बसा, आपलं काहीबी बोला. खाऊस्तोर हलू नका." सूर्यभान डॉक्टर हसले. "म्हणलं, जनावर कोणतं हाय? तर म्हणले, घरचंच हाय. मला वाटलं म्हैस आसंल. मागून कोणीतरी सांगितलं की किसनरावांनी तवा सगळीच जनावरं इकली होती. ते कोणतं जनावर हुतं, इचारायचं राहूनच गेलं. तुला म्हाईत हाय का?"

घास तिच्या हातात होता. सोडलेल्या दाव्यांचा रिकामा गोठा तिला दिसला. आई गेल्यावर पहिल्याच दसऱ्याच्या आधी आबांनी सगळं विकलं होतं. लोखंडी पेटी घेऊन ते दारात उभे राहिले तेव्हा गोठ्यात शेळीसुद्धा नव्हती. पडवीतलं वासरू एकदा ओरडलं. "माहीत आहे," ती म्हणाली. म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिच्याकडे एकवार नीट बघितलं. "बरं झालं का ते?" एवढंच ते म्हणाले. तिने मान हलवली. "मंग झालं तर," ते म्हणाले आणि आणखी एक भाकर तिच्या ताटात घातली. परतीच्या वाटेवर हरण्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि दोन्ही बाजूंना तुरीची पिवळी फुलं मागे पळत होती. माणसांचे इतके डॉक्टर परभणीत असताना आबांनी विचारलं ते जनावरांच्या डॉक्टरला. दुसऱ्या कुणाला हा अपमान वाटला असता. तिला वाटलं, ज्या माणसावर विश्वास टाकून त्यांनी आयुष्यभर आपली सगळ्यात जिवाची गोष्ट, आपली गुरं, दाखवली, त्याच माणसापुढे त्यांनी मला नेलं होतं, माझ्या नकळत. माझं नावही न सांगता. गावात कुणाच्या तोंडी पोरीचं दुखणं जाऊ नये म्हणून त्यांनी मला घरचं जनावर केलं, आणि सांगितलेला उपाय आयुष्यभर चुकवला नाही. आणि ती त्या वेळी पुस्तक वाचत होती. पण हेही काही वाईट नव्हतं. पुस्तक वाचत का होईना, ती जेवत होती. त्यांना तेवढंच हवं होतं.

मोठा दवाखाना म्हणजे एक मोठं आवारच होतं. लिंबाची झाडं, गुरं उभी करायचे लोखंडी खोडे, शेळ्या, पिंजऱ्यात एक पोपट, सगळं एकत्र. डॉक्टर निकिताच्या काचेच्या दारामागची शांतता इथे औषधालाही नव्हती. पांढऱ्या कोटातल्या पोरापोरींच्या घोळक्यात एक सर होते. त्यांचा हात आधी कुठे जातो म्हणून राजेश्री सवयीने बघत होती, तर त्यांनी एका घाबरलेल्या विद्यार्थिनीचा हात धरून तो हरण्याच्या पोटावर ठेवला आणि वरून आपला ठेवला. "दाबू नकोस. थांब. तो श्वास सोडेल तेव्हा बोटं आपोआप आत जातील." त्या मुलीच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं, आणि हरण्यानेही श्वास सोडला. सोनोग्राफीत काही वाईट दिसलं नाही. रक्त पुन्हा घेतलं होतं. कागद हाती यायला वेळ होता, तोवर बाहेर सावलीत बसा म्हणाले. लिंबाखाली गुरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद होता. त्याच्या कडेला एक बाई एका बैलाचं दावं धरून बसली होती. बैलाच्या एका शिंगाच्या जागी पांढरी पट्टी. "काय झालंय कुत्र्याला?" तिने विचारलं. पाणी पीत नाही म्हटल्यावर तिने च्च केलं. "आमच्याच्या शिंगात रोग झालता. कापलं. आता ऊसतोडीला येका शिंगानं जायाचं. मुकादम म्हनंल, काय धुरपदाबाई, अर्धाच बैल आणला का?" ती आपल्याच बोलण्यावर हसली, आणि मग उठून तिने बैलाला हौदाशी नेलं. बैल पाण्याजवळ नाक नेऊन थबकला. धुरपदाबाईने इकडेतिकडे बघितलं, पदर डोक्यावर ओढला आणि शीळ घातली. चढत जाणारा एक सूर, शेवटाला लांबवलेला, पुन्हा पहिल्यापासून. बैलाने मान खाली घातली.

राजेश्रीच्या हातातली साखळी ताणली गेली. हरण्या उभा राहिला होता. कान पुढे, पाय थरथरत, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याची मान सरळ. साखळी तिच्या बोटांतून निघून गेली. तो हौदाच्या पायथ्याशी, बैलाच्या तोंडून सांडून साचलेल्या डबक्यापाशी गेला आणि लपलप पाणी प्यायला लागला. धुरपदाबाई चकित होऊन थांबली. शीळ थांबली, तसा हरण्याही थांबला आणि वर बघायला लागला. भांड्यात पाणी ठेवलं की रोज असाच बघायचा. "आँ? तुलाबी शीळ लागती का रं? पी की," ती म्हणाली आणि तिने पुन्हा सूर धरला, आणि तो पुन्हा प्यायला. राजेश्री लिंबाच्या बुंध्याला टेकून उभी होती. इतकी वर्षं रोज सकाळी, संध्याकाळी ती शीळ तिच्या कानांवर पडत होती, भिंतीवरच्या घड्याळासारखी. म्हाताऱ्या माणसाचा आपला नाद, असं ती धरून चालली होती. ते बैलांना पाणी पाजणं होतं. गावी बैल नदीवर नेले जात, तिथे पोरींना कुणी नेत नसे. बैल गेले तरी पाजणं गेलं नव्हतं. नालीतल्या पिल्लाला पहिल्या दिवशी पाणी दिलं तेही तसंच, आणि त्या पिल्लाने पाणी म्हणजे हेच असं धरून ठेवलं. "बायका शीळ घालत नाहीत ना?" तिने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. लहानपणी ओठांचा चंबू केला म्हणून आजीने तिच्या तोंडावर चापट मारली होती. धुरपदाबाईने खांदे उडवले. "घालू न्हाई म्हंतेत. आमचे हे औषद आणाया गेलेत आन् बैल ताहानला, मंग काय करावं? बैलाला काय ठावं शीळ बाईची का गड्याची. त्याला येवढंच कळतंय, कुणीतरी हुबं हाय, आता मान खाली घालाया हरकत न्हाई." सरांना जाऊन राजेश्रीने हे सांगितलं तेव्हा विद्यार्थी हसले, सर हसले नाहीत. बाहेर येऊन त्यांनी स्वतः ते बघितलं, धुरपदाबाईला आणखी एकदा शीळ घालायला लावून. "गुरांमध्ये आमच्या वडलांनी दाखवलं होतं," ते म्हणाले, "कुत्र्यात पहिल्यांदा बघतोय. घरी कोण घालेल?" "मी," राजेश्री म्हणाली. तोवर तिने आयुष्यात एकदाही घातली नव्हती.

संध्याकाळी अंगणात भगुनं भरून ठेवलेलं होतं आणि ती त्याच्यापुढे उकिडवी बसली होती. ओठांतून नुसती हवा येत होती. हरण्या समोर बसून तिच्या तोंडाकडे अगदी शिष्टपणे, वाट पाहायला हरकत नाही अशा चेहऱ्याने बघत होता. तिने ओठ ओले केले, पुन्हा फुंकलं. पुन्हा हवा. भिंतीपलीकडे सुकेशनी पिल्लू घेऊन उभी राहिली. "काय करायलाव ताई?" राजेश्रीने हात हलवून थांब म्हटलं. आबांचे ओठ कसे असत ते तिने आठवून पाहिलं. खालचा थोडा आत, हनुवटी वर, डोळे पाण्यावर नाहीत, पिणाऱ्यावरही नाहीत, लांब कुठेतरी. नेमके तसेच, जसे ती जेवत असताना त्यांचे डोळे स्टुलावरून खिडकीबाहेर असत. तिने नजर उचलून सुकेशनीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीकडे लावली आणि फुंकलं. एक बारीक, फाटका, जेमतेम सूर निघाला. चढला, अडखळला, लांबला. हरण्याने तिच्याकडे एकदा खात्री करून घेतल्यासारखं पाहिलं आणि भगुन्यात तोंड घातलं. सुकेशनी तोंडावर हात धरून बघत राहिली. भगुनं अर्धं झालं तेव्हा राजेश्रीचा श्वास संपला.

"ताई, कुणाच्या औषधानं हो?" सुकेशनी हळू आवाजात म्हणाली. "तीन दवाखाने झाले तुमचे. ह्या पिल्लाला कुठं नेऊ ते आता तुमीच सांगा. आबा तर नाहीत सांगायला." राजेश्री जमिनीवर बसली. तिला तिन्ही डॉक्टरांचे हात दिसत होते. "निकिताकडे ने," ती म्हणाली. "ती घरी फोन करते. तपासण्या करायच्या असतील तर मोठा दवाखाना, तिथे गर्दीत शिकवतात आणि शिकतात, आणि जनावरं एकमेकांना दिसतात." "आणि जिंतूरचे?" "ते सगळ्यांत चांगले. त्यांनी मला बरं केलंय." सुकेशनी हसली. तिला वाटलं ताई थट्टा करताहेत. "तुमाला? ते जनावरांचे डॉक्टर ना हो?" मग थट्टा नसावी असं वाटून ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "दमलाव ताई तुमी. सोपं नसतंय. आबांना इतकी वर्षं तुमी सांभाळलं..."

"मी नाही सांभाळलं," राजेश्री म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला आणि हरण्याने भगुन्यातून मान वर केली. त्याच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. "मी त्यांना बोलावलंसुद्धा नव्हतं. त्या वर्षी मी जेवत नव्हते, सुकेशनी. डबा गाईला घालत होते. कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना फोनवर कळलं. ते जिंतूरच्या डॉक्टरला विचारून आले, आणि मग रोज माझ्यासमोर बसले. शेवटच्या रात्रीपर्यंत." सुकेशनीने पिल्लू खाली ठेवलं आणि दोन्ही हात भिंतीवर टेकवले. अंगणात आबांची खाट वाळायला उभी केलेली होती. हरण्या अजून वर बघत होता, पुढच्या सुराची वाट पाहत. राजेश्रीने ओठ ओले केले, पण शीळ घालायच्या आधी ती त्या खाटेकडे वळली, आणि कॉलेजात, फोनवर, सुकेशनीशी कधी न बोललेल्या आपल्या गावच्या बोलीत म्हणाली,

"आबा, तुमी आलात म्हून मी हाय."